आसुसलेली पाठ

यंत्राच्या गर्भात वाढून जन्मलेलं ते वासरू दूध सोडून निपचित पडलं होतं. ताप नव्हता, रक्तही ठीक होतं. दिवसभर जनावरांची दुखणी अंगावर घेऊन शिणलेल्या डॉक्टर हेमांगीने जनावराला जाणवणारं माणसाच्या अंगात उतरवणाऱ्या वेदनापट्ट्याचं एक टोक त्याच्या मानेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला.

"कुठं दुखतंय, मॅडम?" गोठा सांभाळणाऱ्या भैरूने विचारलं.

"दुखत नाहीये. पाठ नुसती आसुसलीय. भैरू, याला कधी कुणी चाटलंय का?"

"चाटायला आई कुठाय त्याला?"

हेमांगीने गोणपाट कोमट पाण्यात भिजवून त्याची पाठ चोळली. बऱ्याच वेळाने वासरू उठलं आणि बाटलीला लुचू लागलं. शेजारच्या कप्प्यांतली, तशीच यंत्रात जन्मलेली सगळी वासरं तिच्याकडे बघून हंबरू लागली. तिने सुस्कारा टाकला आणि गोणपाट पुन्हा भिजवलं.