ग्रीक शब्द आणि मंद आच

"या ग्रीक शब्दाचं मूळ फार खोल आहे," नवे पाळकसाहेब चर्चच्या व्यासपीठावरून म्हणाले, आणि तिसऱ्या बाकावर एस्तेरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आज पाळकसाहेबांना जेवू घालायची पाळी त्यांची होती. गल्लीच्या रिवाजाप्रमाणे उपासनेला निघताना त्या मटण मंद आचेवर ठेवून आल्या होत्या. जुन्या पाळकांच्या काळात उपदेश संपायचा आणि मटण शिजायचं, ते अगदी एकाच वेळी.

'हुपोमोने' म्हणजे नुसता धीर नव्हे, तर ओझ्याखालून पळ न काढता टिकून राहणं, हे पाळकसाहेबांनी परोपरीनं समजावलं. मग पुन्हा पहिल्यापासून समजावलं. एस्तेरबाईंनी डोळे मिटून मटणासाठी प्रार्थना केली.

घरी पोचेपर्यंत पातेल्याच्या तळाचा कोळसा झाला होता. "तुमच्या उपदेशाबरोबरच शिजत होतं," म्हणत बाईंनी तेच मटण पाळकसाहेबांच्या ताटात वाढलं, आणि संपत आलं तसं पुन्हा वाढलं. ते चावत राहिले. कपाळावर घाम आला.

"टिकून राहा, साहेब," बाई मायेनं म्हणाल्या, "पळ काढू नका. अजून आहे."

पुढल्या रविवारी पाळकसाहेबांनी नवा ग्रीक शब्द उच्चारला आणि एकदम थांबले. "आज मी जेवायला कुणाकडे?"

मागच्या बाकावरून एका बाईंचा हात वर झाला.

"मटण ठेवून आलात?"

"हो, साहेब. मंद आचेवर."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "चला, शेवटच्या प्रार्थनेसाठी उभे राहू या."