फ्रिज उघडून बघ

“फोनवर तो ‘जेवलो’ म्हणेल. विश्वास ठेवू नकोस. जाऊन फ्रिज उघडून बघ,” असं मिस ओडेटनं नेरिसाला टेव्हिनच्या कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाची बायको ती. कितीतरी पोरं पाहिलेली. नेरिसाला तेव्हा हसू आलं होतं. सव्वाशे किलोच्या नवऱ्याला जेव म्हणून काय सांगायचं? शिवाय तिची पदवीची परीक्षा, मांडीवर तान्ही मुलगी आणि ती राहायची माहेरी, त्याच्या कॉलेजपासून चार तासांवर.

आज त्याच माहेरी सगळं गणगोत टीव्हीसमोर दाटीनं बसलं होतं. व्यावसायिक संघ खेळाडू निवडत होते आणि शेवटची फेरी संपत आली होती. टेव्हिननं फोन मांडीवर उलटा ठेवला होता. नेरिसाचं लक्ष त्याच्या ताटाकडं.

“बघू नकोस गं असं,” तो पुटपुटला. “खातोय.”

“भात तसाच आहे.”

“तुझ्या आईनं वाढलाय. डोंगर आहे तो.”

फोन थरथरला. टेव्हिन उठून उभा राहिला. “हो सर,” म्हणाला, पुन्हा “हो सर,” आणि खाली बसला तो तोंड झाकूनच. मग टीव्हीवर त्याचं नाव आलं आणि घरात एकच कल्ला झाला.

मिस ओडेट ओल्या हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. टेव्हिननं तिला उचलूनच घेतलं. “माझ्या चकत्या कुठायत?”

“गाडीत. पुन्हा कमरेला बांधशील तर बघ.”

टेव्हिनचं काम चेंडू फेकणाऱ्या गड्याला आडोसा द्यायचं; त्याला अंगात वजन लागतं. कॉलेजचं पहिलं वर्ष त्याला राखून ठेवलं होतं: सराव रोज, सामना एकही नाही. एकट्याला घास उतरेना, म्हणून वजनाच्या दिवशी तो सदऱ्याखाली लोखंडी चकत्या बांधून काट्यावर चढायचा. काटा खूश, प्रशिक्षक खूश, फोनवर नेरिसाही खूश. वसतिगृहाचा तिसरा मजला चढून त्याच्या खोलीवर गेली ती एकटी मिस ओडेट. फ्रिजमध्ये दिवा होता आणि मोहरीच्या चटणीची बाटली. त्या दिवसापासून ती राजम्याचं पातेलं घेऊन रोज त्याच्यासमोर बसली, ताट रिकामं होईपर्यंत.

 नेरिसानं मिस ओडेटच्या हातातली पळी काढून घेतली, तिला खुर्चीत बसवलं आणि पहिलं ताट तिला वाढलं.

कॉलेजच्या गावातल्या पेपरची बातमीदार वही उघडून जवळ आली. “असा खेळाडू घडतो कसा? आमच्या वाचकांना काय सांगाल?”

नेरिसानं मुलीला कडेवर घेतलं. “यंदा कोल्बी नावाचा मुलगा आलाय, मिसिसिपीहून. त्यालाही राखून ठेवलंय, राहतो त्याच तिसऱ्या मजल्यावर. टीव्हीवर दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आणि त्याच्यासमोर पातेलं घेऊन बसणारी मिस ओडेट आज इथं आहे.”

“हे छापू?”

“छापा ना. पेपर वाचून झाला की कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर जा. ‘जेवलास का’ विचारू नका. फ्रिज उघडून बघा.”