घोडीची खोड

आदेश दलालानं गुंगीची सुई देऊन थंड केलेला द्वाड घोडा गोविंदाला विकला आणि त्यावरून पडून गोविंदाचा पाय कायमचा गेला. तेव्हापासून पोलोचे घोडे शिकवून, त्यांची खोड न लपवता विकायचं काम त्याची बायको गोकुळा करायची.

एके सकाळी आदेशच दारात आला आणि काळ्या घोडीवर भाळला.

"हे घोडी नोको घेऊ, भाऊ. मागून गेलं का लाथ मारते," गोकुळानं सांगितलं.

आदेश हसला. "चांगला माल माह्यापासून लपवून राह्यली का?" म्हणत तो घोडी घेऊनच गेला.

आठवड्यातच मोडक्या बरगड्या धरून तो ती परत करायला आला. गोकुळानं आधी घोडीचे पाय तपासले.



"तुले खरं पटणार नाई हे ठाऊक होतं, भाऊ. म्हणून तर खरं सांगतलं."