करंगळी

जिनेव्राचं चित्र व्हेनिसच्या नवरदेवाला पाठवायचं होतं. चित्रकार ओरात्सिओंनी तिचा डावा हात रंगवून संपवला, तेव्हा तिला तो उचलता येईना.

"मावशी, हात हलत नाही."

"अवघडला असेल. नीट बस, नाहीतर नाक वाकडं निघेल," मावशी भरतकामातून मान वर न करता म्हणाली.

गळा रंगवून झाला, तशी मानही वळेना.

मग ओरात्सिओंना करंगळी पटली नाही. त्यांनी ओला रंग फडक्यानं पुसला आणि जिनेव्राची करंगळी सुटली.

"मास्तर, हे माझ्यासारखं नाही झालं. सगळं पुसा," ती घाईनं म्हणाली.

मावशी उठून पाहून आली. "अगं, हुबेहूब तूच आहेस."

ओरात्सिओंनी करंगळी पुन्हा रंगवली आणि कुंचला लाल रंगात बुडवला.

"आता ओठच राहिलेत," ते मायेनं म्हणाले. "मिटून घे, बाळ."