बंदुकीची विश्रांती

बोरखिंडीच्या शाळेत युद्धगुन्ह्यांच्या तपासाचं टेबल लागलं होतं. साक्षीदारांची आता गरज उरली नव्हती. प्रत्येक बंदूक कुणाच्या हातात होती, कुठे होती, कधी झाडली, हे तीच लिहून ठेवत असे. बंदूक खोटं बोलत नाही, असं सरकार कौतुकानं सांगे. त्यामुळे चौदा बकऱ्या मारल्याचा गुन्हा सकाळीच नोंदवून झाला.

मग गावातली गुंफाबाई टेबलापुढे बसली. हल्ल्याच्या दुपारी घरात शिरलेल्या सैनिकानं काय केलं, ते तिनं आवाज न चढवता सांगितलं. तपास अधिकारी बर्वे यांनी पडद्यावर तिचं घर शोधलं.

“बाई, तुमच्या घरात एकही गोळी झाडलेली नाही.”

“कशाला झाडेल? बंदूक चुलीपाशी टेकवून ठेवली होती त्यानं.”

“हो, आहे तशी नोंद. बेचाळीस मिनिटं. विश्रांती.”

“कुणाची, साहेब?”

बर्वे पडद्यावरची नोंद पुन्हा वाचू लागले.

“बंदुकीवर विश्वास आहे ना तुमचा? मग विचारा तिला, त्या दुपारी गावात अजून कुठं कुठं दमल्या तिच्या बहिणी.”

बर्व्यांनी विचारलं. एकोणीस घरं, एकोणीस विश्रांत्या, प्रत्येकीपुढे सैनिकाचा क्रमांक. सगळ्यांच्या वर त्या दिवशी सकाळी निघालेला एकच आदेश होता: ‘विश्रांती मंजूर’. खाली कर्नलची सही.

“पण बाई, गुन्ह्यांच्या तक्त्यात याला रकानाच नाही.”

“बकऱ्यांना आहे ना? त्याच्या वर आखा,” गुंफाबाई म्हणाली. “आणि पहिलं नाव सही करणाऱ्याचं घाला.”