बाबांच्या जेवणाची सुट्टी

पाच वाजता अर्ज बंद होणार होता आणि सुकन्या अजून घरभर येरझारा घालत होती. सहा महिने शिकायला व्हिएन्नाला जायचं की व्हँकुव्हरला?

"व्हिएन्ना लिही आणि मोकळी हो," डबा भरता भरता आई म्हणाली. "तिथे मावशी आहे. व्हँकुव्हरला कोण कुत्रं विचारणार आहे तुला?"

आतल्या खोलीत बाबा झोपले होते. अकरा वर्षांपूर्वी सूतगिरणीने रात्रपाळीसाठी त्यांना रात्रीचं इंजेक्शन दिलं, तेव्हापासून ते संध्याकाळी आठला जागे होत आणि सकाळी आठला झोपत. आईला आणि सुकन्याला दिवसाचं दिलेलं; असतील तिथल्या घड्याळात रात्री आठच्या ठोक्याला दोघींचे डोळे मिटत आणि मग कितीही हलवलं तरी उघडत नसत. घरातलं बोलणं चालायचं ते डब्यातल्या चिठ्ठ्यांवर. कालच्या चिठ्ठीत बाबांनीही 'व्हिएन्ना'च लिहिलं होतं.

पाचाला चार मिनिटं कमी असताना सुकन्याने व्हँकुव्हर लिहून अर्ज धाडून दिला.

आई भडकली. "काय ठेवलंय गं तिथे एवढं?"

"बाबांना रात्री एकला जेवणाची सुट्टी असते ना? व्हिएन्नात तेव्हा आठ वाजून गेलेले असतात, मी झोपलेली असेन. व्हँकुव्हरला भर दुपार असते. बाबा डबा उघडतील तेव्हा मी रोज फोन करीन."

आईने डब्याचं झाकण लावलं.

"मग त्यांना विचार, भाजी कशी झालीय," ती म्हणाली. "चिठ्ठीत मेलं रोज छानच लिहितात. तू आवाजावरून सांग मला."