बाळ्या मुरुडला गेलाय

दुधीची भाजी मृणालीनं दोनदा मागून खाल्ली. पण तसं काही घडलेलंच नाही, असं उरणच्या त्या घरात सर्वानुमते ठरलंय.

पोरांना भाज्यांचा लळा लागावा म्हणून अंगणवाडीच्या ताईंनी प्रत्येकाला एकेक भाजी सांभाळायला दिली होती. चार वर्षांच्या मृणालीनं आपल्या दुधीचं नाव बाळ्या ठेवलं, त्याला टोपडं घातलं आणि आठवडाभर ती त्याला कुशीत घेऊन झोपली. रविवारी आजीनं, कुणाला न विचारता, चणाडाळ घालून बाळ्या शिजवला.

"बाबा, बाळ्या कुठंय?" बोटं चाटत मृणालीनं विचारलं.

तिच्या बापाला, अल्पेशला, ठसकाच लागला. "मुरुडला गेला. आत्याकडं, एसटीनं."

"एकटाच?"

"कंडक्टर वळखीचा हाय," आजी म्हणाली.

"मग तो येईस्तोवर मी जेवणार नाय!"

संध्याकाळी तिनं खरंच ताट सरकवलं, तेव्हा अल्पेशनं कागद घेतला आणि ती सांगेल तसा आगारप्रमुखांना अर्ज लिहिला.



"महोदय, चि. बाळ्या (दुधी) यास परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळावी व वाटेत त्यास कोणीही भाजी खायला घालू नये, ही नम्र विनंती."